शिल्लक जुळेना

अण्णा सांगलीतल्या एका सहकारी पतसंस्थेत एकतीस वर्षं रोखपाल होते. नोट खरी की खोटी हे त्यांच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. संध्याकाळी खिडकी बंद झाली की रोख मोजायची, रोजकीर्दीशी ताडायची आणि शिल्लक जुळल्याशिवाय घर गाठायचं नाही, हा शिरस्ता. एकदा चार आण्यांचा फरक पडत होता म्हणून रात्री साडेनऊला घरी आले होते. जेवण गार झालेलं, आई वैतागलेली, आणि हे खुशीत. चार आणे सापडले होते. व्याजाच्या एका व्हाउचरवर कुणीतरी ते दोनदा धरले होते.

हाच माणूस २०२२च्या श्रावणात, एका बुधवारी संध्याकाळी, फोनवरच्या अनोळखी आवाजाचं ऐकून ४९,९९८ रुपये घालवून बसला. आणि चार दिवस कुणाशी काही बोलला नाही.

मला त्या चार दिवसांबद्दल लिहायचं आहे.

मेसेज साधा होता. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा, आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर. त्या वर्षी असे मेसेज महाराष्ट्रात घरोघरी आले. आम्ही असलं काही पाठवत नाही, असं महावितरणला पुन्हा पुन्हा जाहीर सांगावं लागलं. आता निवांत बसून वाचलं तर हसू येतं. रात्री साडेनऊला, तेही सांगलीच्या पावसात, कुठला लाइनमन वीज तोडायला खांबावर चढणार आहे? पण त्या संध्याकाळी आईचा दमा उसळलेला होता आणि झोपायच्या आधी तिला वाफेचं मशीन लागायचं. मशीन विजेवर चालतं. साडेनऊ हा आकडा अण्णांनी तिच्या श्वासांत मोजला.

बिल भरलेलं होतं. पावती फाइलला लावलेली, वर तारखेचा शिक्का. मग त्यांनी फोन का केला? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. ‘बिल भरलं नाही’ असं लिहिलं असतं तर अण्णांनी तो मेसेज हसून पुसला असता. पण तिथे शब्द होता ‘अपडेट’. पैसे जमा होतात पण खात्याला पडत नाहीत, नोंद मागे राहते, हे त्यांनी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. तसल्या नोंदी शोधण्यात त्यांची हयात गेली होती. चोराला अण्णांचा धंदा ठाऊक नव्हता, पण त्याने टाकलेला गळ नेमका तिथेच अडकला. शहाणा माणूस फसतो तो बहुधा त्याच्या शहाणपणाच्या वाटेनेच, असं मला तेव्हापासून वाटतं.

पलीकडचा माणूस हिंदीत, अदबीने बोलत होता. अंकलजी, घाबरू नका, दहा रुपये भरा, नोंद आपोआप होईल. त्यासाठी एक ॲप घ्या. ॲप नेहमीच्याच प्ले स्टोअरवरचं, म्हणजे अण्णांच्या लेखी सरकारमान्य दुकानातलं. खरं सांगायचं तर ते ॲप खोटं नव्हतंच. दूर बसलेल्या माणसाला आपल्या फोनचा पडदा दाखवायचा, हे त्याचं काम. दुरुस्तीवाले रोज वापरतात. त्यावर आलेला नऊ आकडी नंबर अण्णांनी चष्मा सावरत मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिथून पुढे फोन एक असला तरी बघणारे दोन झाले. दहा रुपये भरायला त्यांनी कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले. सगळं पलीकडे दिसत होतं. बँकेचा ओटीपी आला तोही दिसला. पाच मिनिटांत दोनदा २४,९९९. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. ते सांगलीच्या गावभागातल्या तीन खोल्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

वीज गेली नाही. आईने वाफ घेतली, झोपली. अण्णा म्हणे हॉलमध्ये दिवा लावून बसून होते.

रविवारी आईचा फोन आला. ‘‘अरे, हे जेवत नाहीत धड. विचारलं तर ॲसिडिटी म्हणतात. तू बोल की एकदा.’’ मी पुण्याहून फोन लावला, थोडं खोदून विचारलं, आणि अण्णांनी सांगितलं. अगदी हिशेब द्यावा तसं: वेळ, रक्कम, किती हप्ते. शेवटी म्हणाले, ‘‘चूक माझीच आहे.’’

मी काय म्हणालो ते लिहायला अजूनही हात कचरतो. मी म्हणालो, ‘‘अण्णा, तुम्ही रोखपाल होतात ना?’’

पलीकडून काही उत्तर आलं नाही.

मग मी जे सगळे करतात ते केलं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवला, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी रजा टाकून सांगली गाठली आणि अण्णांना घेऊन बँकेत गेलो. बँकेचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघत विचारलं, ‘‘बुधवारचं आहे ना हे? मग आज का आलात?’’ तिचा सूर वाईट नव्हता. प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त लागला.

१९३०चं काम कसं चालतं ते मला त्यानंतर कळलं. आपण फोन केला की व्यवहाराचा क्रमांक ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जातो. रक्कम तिथे अजून पडून असेल तर ती गोठवतात. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवतात, तिथून तिसऱ्या. ही शर्यतच आहे. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरवतो. ही खाती कुणा कॉलेजच्या पोराची असतात, कुणा मजुराची असतात. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून पासबुक, कार्ड, सिम सगळं देऊन टाकलेलं असतं. शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नोटा बाहेर पडतात आणि माग संपतो. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर काहीतरी हाती लागण्याची आशा असते. आम्ही चार दिवस दिले.

नियमही तिकडेच बोट दाखवतो. तेव्हा लागू होतं ते रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७चं परिपत्रक. तुमचा काही दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तोशीस तुम्हाला नाही. पण गुप्त आकडे तुम्हीच दिले असतील, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं, आणि त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक झाली तरी ‘चूक झाली’ असं म्हणण्याला कायद्यात किंमत आहे. अण्णांचं नशीब म्हणून त्यानंतर काही गेलं नाही. ते ॲप मात्र फोनवर तसंच बसून होतं, सोमवारी मी काढेपर्यंत.

परतताना बसमध्ये मला एक जुनी गोष्ट आठवली. त्याच्या आदल्या वर्षी अण्णांनी आमच्या घरच्या ग्रुपवर ‘तीन महिने फुकट रिचार्ज’ची लिंक टाकली होती. मी सगळ्यांदेखत लिहिलं होतं, ‘‘कळत नसेल तर पुढे पाठवू नका, अण्णा.’’ दोन्ही काकांनी वाचलं, सांगलीच्या आत्याने वाचलं. अण्णांनी अंगठा दाखवून विषय मिटवला. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, शिकले. ते शिकले होते खरे, फक्त मला वाटलं त्याहून वेगळं काहीतरी. या पोराला सांगण्यात अर्थ नाही, हे शिकले होते.

आता माझी गोष्ट. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दरवर्षी सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. व्हिडिओ दुसऱ्या खिडकीत लावायचा, पंचेचाळीस मिनिटांनी दहा प्रश्नांवर टिचक्या मारायच्या, प्रमाणपत्र घ्यायचं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मेल आली: दिवाळी भेटीचं कूपन, आज सहापर्यंतच मिळेल. पावणेसहा झाले होते. मीटिंग संपता संपता मी टिचकी मारली, कर्मचारी क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला. पडद्यावर लाल पान उघडलं. ही चाचणी होती, आमच्याच सुरक्षा विभागाने लावलेला सापळा. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदललेलं होतं. इंग्रजी एलच्या जागी एकचा आकडा.

कान तापणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. शेजारच्या कुणी पाहिलं का, हे मी आधी बघितलं. पासवर्ड बदलायचं नंतर सुचलं.

हे मी अण्णांना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सांगितलं. ते चोपडीला हळदकुंकू वाहत होते. घरचा जमाखर्च ते अजून रोजकीर्दीच्या धर्तीवर लिहितात. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘‘कितीला पडलं?’’

‘‘काही नाही. परीक्षा होती.’’

‘‘म्हणजे फुकटात सुटलास,’’ म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी मोकळे हसले.

त्या सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्या फोनला घेऊन बसलो. शिकवायला मी बसलो होतो, पण निम्मं त्यांनीच मला समजावलं. पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक रोखपालाकडे, एक व्यवस्थापकाकडे. दोघं उभे राहिल्याशिवाय दार उघडत नसे. मी म्हटलं, ओटीपी म्हणजे ती दुसरी किल्ली. ‘‘समजा साहेबांची किल्ली कुणी फोनवर मागितली असती तर?’’

‘‘सस्पेंड झालो असतो.’’ मग जरा थांबून, ‘‘मी तर दोन्ही किल्ल्या दिल्या की रे. वर दारापर्यंत सोडायला गेलो.’’

मग व्हॉट्सॲपलाही दुसरी किल्ली लावली, सहा आकडी पिन. ती नसेल तर मेसेजवर आलेला कोड कुणाला सांगितला की खातं त्याच्या फोनवर, आणि मग तो आपल्या नावाने आपल्याच माणसांकडे उसने पैसे मागत सुटतो. ईमेललाही लावली. ईमेलकडे आपण कचऱ्याच्या डब्यासारखं बघतो, पण ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की प्रत्येक ठिकाणची नवी किल्ली तिथेच येऊन पडते. ईमेल गेला म्हणजे किल्ल्यांचा जुडगा गेला. यूपीआयचं एकच सांगून ठेवलं, पैसे घ्यायला पिन लागत नाही, लागतो तो फक्त द्यायला.

अण्णांचे पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर, निळ्या शाईत, खाली दुहेरी रेघ मारून लिहिलेले होते. मी पूर्वी यावर हसायचो. आता हसत नाही. दुसऱ्या राज्यात बसलेल्या चोराचा हात आमच्या कपाटातल्या डायरीपर्यंत पोचत नाही. खरी अडचण वेगळी होती. पानावर आठ ओळी, पण पासवर्ड एकच: आईचं नाव आणि लग्नाचं साल. कुठल्यातरी दुकानाच्या साइटवरून तो एकदा फुटला की चोर तोच घेऊन बँकेपासून ईमेलपर्यंत प्रत्येक दाराला लावून बघतो. हे काम माणसं करत नाहीत, प्रोग्राम करतात, आणि ते कंटाळत नाहीत. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-चार शब्दांचे लांब पासवर्ड केले. हळद, चिंच, बुधवार, खुरपं अशा जातीचे. बुधवार नको, असं अण्णाच म्हणाले.

फोनवर अपडेटची सूचना कधीची लोंबकळत होती. ‘नंतर आठवण करा’ हे बटण अण्णांनी किती वेळा दाबलं असेल देव जाणे. मी त्यांना म्हटलं, याला इंग्रजीत पॅच म्हणतात. ‘‘म्हणजे ठिगळ,’’ ते म्हणाले, आणि याहून नेमका शब्द मला आमच्या ऑफिसात कधी मिळाला नव्हता. कापड उसवलं की बनवणारा ठिगळ पाठवतो. आपण ते लावायचं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्ये विंडोजसाठी असंच एक ठिगळ पाठवलं होतं. ज्यांनी लावलं नाही त्यांना मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने गाठलं. जगभरातले संगणक कुलूपबंद, पडद्यावर खंडणीची मागणी, इंग्लंडमध्ये इस्पितळांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा तसाच दुसरा आला. त्याचा धक्का थेट आमच्या न्हावाशेव्याला बसला. तिथल्या जेएनपीटी बंदरावरचं, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनर खोळंबले. नॉटपेट्याची खंडणी नुसतं सोंग होतं, पैसे भरूनही कुलूप उघडणार नव्हतं. ज्यांच्याकडे दुसरीकडे जपलेली प्रत होती ते सावरले.

प्रतीचं महत्त्व सांगलीकराला शिकवावं लागत नाही. २००५च्या पुरात कृष्णेचं पाणी पतसंस्थेत शिरायच्या आत अण्णा आणि शिपाईमामा खतावण्या डोक्यावर घेऊन माडीवर गेले होते. दोन खेपा राहिल्या, त्या गेल्या. त्यानंतर वर्षाच्या नोंदींची एक प्रत विश्रामबागेतल्या शाखेत ठेवायची पद्धत पडली. तर मी लग्नाचे, नातवंडांचे फोटो एका बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवले आणि ड्राइव्ह काढून कपाटात ठेवला. तो सतत जोडून ठेवला तर उपयोग नाही, पाणी दोन्ही मजल्यांवर एकदम चढतं.

स्टँडवरच्या चार्जिंगच्या केबलमधून फोनमधली माहिती चोरली जाते, असे मेसेजही अण्णांकडे बरेच येतात. त्या भीतीला मी फार भाव देत नाही. एसटी स्टँडवर केबलची कलाकुसर करत बसण्यापेक्षा चोराला घरबसल्या फोन लावणं स्वस्त पडतं. त्यापेक्षा हल्ली व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइल येतात, लग्नपत्रिका म्हणून, गाडीचं चलन म्हणून. त्यांना मी जास्त घाबरतो. उघडून इन्स्टॉल होऊ दिली की ती फोनमध्ये बसते आणि येणारे मेसेज परस्पर पलीकडे पाठवते. ओटीपी मागावाही लागत नाही. पत्रिका वाचायची असते, इन्स्टॉल करायची नसते, एवढं आईनेही आता पाठ केलंय.

एक प्रश्न अण्णांनी विचारला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘‘आम्ही सगळं नीट केलं, आणि बँकच फुटली तर?’’ ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं तेच झालं होतं. एटीएमवर कार्ड घातलं की ‘पैसे देऊ का’ असा प्रश्न बँकेकडे जातो. चोरांनी मधेच आपलं खोटं यंत्र बसवलं, आणि ते प्रत्येक प्रश्नाला ‘द्या’ म्हणत राहिलं. नकली कार्डांनी अठ्ठावीस देशांत काही तासांत पैसे निघाले. दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे व्हाउचरवर साहेबांची सहीच खोटी. रोखपाल काय करणार बिचारा.’’ बराच वेळ ते त्या न पाहिलेल्या यंत्रांच्या बाजूने हळहळत राहिले.

गेल्या वर्षी त्यांना दुसरा फोन आला. व्हिडिओ कॉल, खाकी वर्दी, मागे झेंडा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात. असली अटक आपल्या कायद्यात कुठेच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या मन की बातमध्येही तेच सांगितलं होतं. पण अण्णांना कायदा आठवला नाही. त्यांना खटकलं ते पुढचं वाक्य: ‘खोलीचं दार लावा, घरात कुणाला काही सांगू नका.’

‘‘मी त्याला म्हटलं, थांब जरा,’’ अण्णा मला सांगत होते, ‘‘आणि फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघरात गेलो. तुझ्या आईला म्हटलं, अगं, हे साहेब म्हणतायत तुला सांगू नको.’’

‘‘मग?’’

‘‘हिच्या हातात लाटणं. पोळ्या चालल्या होत्या. हिने फोनमध्ये तोंड घालून विचारलं, कोण आहे रे तू? गेला.’’

त्यानंतर तीन मिनिटांत त्यांनी मला फोन केला, पाचव्या मिनिटाला ताईला, आणि दुपारपर्यंत जुन्या पतसंस्थेतल्या सात जणांना. काहीही गेलं नव्हतं, तरी १९३०वरही कळवलं. ‘‘नोंद असलेली बरी.’’

४९,९९८ परत आले नाहीत. तक्रारीचा क्रमांक फाइलला लावलेला आहे, वीजबिलाच्या पावतीच्या मागे.

मागच्या खेपेला मी सांगलीला गेलो तेव्हा जुनी चोपडी सहज चाळली. २०२२चा श्रावण काढला. बुधवारच्या पानावर नेहमीसारखं दूध, भाजी, आईची औषधं. खाली शिल्लक लिहायच्या जागी पेन्सिलीची नुसती रेघ. तिच्याखाली, बहुधा बऱ्याच काळानंतर, वेगळ्या पेनाने ओळ भरलेली होती: ‘चोरीस गेले, दोन हप्त्यांत, रु. ४९,९९८.’ शेजारी आद्याक्षरं. आणि त्याखाली त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, दुहेरी रेघ मारून, ‘शिल्लक जुळली’.